विद्यापीठ निवडायला बहरीनला

आखातातून परत आलेल्या माणसाच्या बॅगा आमच्या वाडीत सगळेजण मिळून उघडतात. मी बहरीनहून आले तेव्हाही पाच-सहा बायका ओटीवर येऊन बसल्या होत्या. बॅगेतून निघाली खजुराची दोन खोकी, आईसाठी एक ब्लँकेट आणि फॅक्सच्या कागदांची एक गुंडाळी. "एवढंच?" असं एकीनं तोंडावर विचारलं. हो, एवढंच. त्या कागदांपायी मी तीन आठवडे भांडले, रडले, सख्ख्या भावाला दुखावलं, आणि त्यातल्या एकाही गोष्टीबद्दल मला पस्तावा नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

सत्त्याण्णव साली मार्च संपताना मी गेले. त्याआधी मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि पीएच.डी.साठी अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांची पत्रं हातात होती, दोन्ही शिष्यवृत्तीसकट. एकाचं नाव इतकं मोठं की आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या शिपायालाही ते ठाऊक होतं. त्याला मी थोरलं म्हणायचे. दुसरं दक्षिणेकडच्या एका गावातलं, नकाशात शोधावं लागलं असं. ते धाकटं. एप्रिलच्या मध्याच्या आत होकार कळवायचा होता आणि माझं काही ठरत नव्हतं.

अर्ज करताना मी दोघांनाही सरळ लिहिलं होतं की मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बौद्धवाडीतली आहे आणि त्याचा अर्थ काय होतो. एम.एस्सी.च्या वर्गात दर सहामाहीला क्लार्क दारात उभा राहून "सवलतवाले फॉर्मवर सही करायला खाली या" असं ओरडायचा, मी एकटी उठायचे आणि सगळा वर्ग माझ्या पाठीकडे बघायचा. पुढची पाच-सहा वर्षं तसंच उठायचं असेल तर ते कुठे, हे मला आधी ठरवायचं होतं.

आईनं वेगळाच तोडगा काढला. माझा मोठा भाऊ मिलिंद बहरीनला जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात फिटर होता. रजेवर येतो येतो म्हणत चार वर्षं आला नव्हता. आई म्हणाली, "जा, त्याला डोळ्यांनी बघून ये. तिथंच दोघं बसून ठरवा." विमानात माझ्या मांडीवर कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सुकटाची पिशवी होती. शेजारच्या गृहस्थांनी बहरीन येईपर्यंत नाकावरचा रुमाल काढला नाही.

जिदहफ्स

दादा विमानतळावर आला होता. वाळला होता, केस पुढून मागे गेले होते. मला बघून एवढंच म्हणाला, "बाय, केवढी झालीस गो." मग गाडी पुलावरून मनामाकडे निघाल्यावर खिडकीबाहेर बघत राहिला. मीही दुसऱ्या खिडकीतून बघत राहिले. दोन्ही बाजूंना समुद्र होता, पण उथळ, फिकट हिरवा. आमच्या समुद्रासारखा आवाज त्याला नव्हता.

मी उतरले ती मनामाजवळच्या जिदहफ्सला, हमीदाचाचीकडे. चाचीचा मोहल्ला आमच्या गावच्या खाडीपलीकडचा. तिचा नवरा युसूफचाचा मनामात एका व्यापाऱ्याकडे क्लार्क होता, त्यानंच दादाला इकडे आणलं होतं आणि माझा व्हिजाही त्यानंच काढला. त्यांची दोन्ही मुलं माझं मराठी सगळं समजून इंग्रजीत उत्तर द्यायची. पहिल्या दिवशी चाचीनं घावन आणि माशाचं सार वाढलं, स्वतःच्या ताटातला तुकडा मोडून माझ्या ताटात टाकला आणि म्हणाली, "खा गो पोरी, लाजू नको. आणखी हाय." गावी खाडीपलीकडे मी कधी जेवले नव्हते. जेवायला समुद्र ओलांडून यावं लागलं.

सकाळी चाचीबरोबर बाजारात जायचे. मासळी बघून जीव सुखावायचा. हमूर मासा आम्हाला परवडत नाही, असं चाची रोज म्हणायची आणि रोज त्याच्यासमोर उभी राहायची. मग साफी नावाचे हाताएवढे मासे घ्यायची. काटे भरपूर, पण चवीला आमच्या खाडीतल्या माशांच्या तोडीस तोड. कोळी अरबीत काहीतरी म्हणायचा, चाची मराठीत त्याला झापायची आणि सौदा व्हायचा.

मनामा, पहिला शुक्रवार

सुट्टीच्या दिवशी दादानं मला त्याची खोली दाखवायला नेलं. युसूफचाचा बरोबर होता. जुन्या इमारतीत दोन खोल्या, त्यात अकरा माणसं, सगळी आमच्याच तालुक्यातली. मेसचे प्रमुख तात्या. क्रेन चालवायचे, वीस वर्षं तिथे होते. त्यांनी माझं फार कौतुक केलं. "आपल्या तालुक्याची पोर अमेरिकेला चालली" असं प्रत्येकाला उठवून सांगितलं. सगळ्यांनी स्टीलच्या पेल्यातून चहा घेतला. मला आणि दादाला कागदी कपातून दिला. मला वाटलं, पाहुणचार.

स्वयंपाकघराच्या दारावर तात्यांच्या सुवाच्य अक्षरातला तक्ता होता. कोणत्या दिवशी कोणी शिजवायचं, जोडीजोडीनं नावं. दादाचं नाव त्यात नव्हतं. ते खाली वेगळं होतं: 'मिलिंद – बाजार, सिलेंडर, भांडी.'

मी हसत म्हटलं, "दादा, तुला चुलीपासून सुट्टी? भाग्यवान आहेस."

दादाही हसला. "मला कुठे येतं नीट करायला," म्हणाला. आईच्या आजारपणात दहाव्या वर्षापासून सगळं घर त्यानं रांधून जेवू घातलं होतं. मला ते तेव्हा आठवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचीजवळ साफी साफ करायला बसले होते, तेव्हा गंमत म्हणून मी हे सांगितलं. चाचीचा विळीवरचा हात थांबला.

"तुला खरंच कळलं नाय?" तिनं विचारलं. "तो तांदूळ आणतो, कांदे आणतो, मटण आणतो. कच्चं चालतं त्यांना. शिजवलेलं नाय चालत त्याच्या हातचं."

मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र. कशातून काय संसर्ग होतो यावर मला परीक्षेत पैकीच्या पैकी पडले होते. आणि डोळ्यांसमोरचा तक्ता मला वाचता आला नाही. माझं अंग पेटलं. मला तात्यांचा राग आला, दादाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा, मी "भाग्यवान" म्हणाले म्हणून.

सलमानिया

चाचीचा रक्तदाब तपासायला आम्ही सलमानियाच्या सरकारी इस्पितळात गेलो होतो. चाची आत गेली. मी बाहेर बाकावर दोन्ही विद्यापीठांची पत्रं मांडीवर घेऊन शंभराव्यांदा वाचत होते. घसा सुकला होता. समोरून एक उंच, काळीसावळी, पन्नाशीची बाई पांढऱ्या कोटात येत होती. थंड पाण्याचं यंत्र तिच्या हाताशी होतं. मी चाचीचा रिकामा पेला उचलला आणि एक शब्द न बोलता तिच्यापुढे धरला.

हे लिहिताना अजून कानशिलं तापतात. मी तिला आया समजले. का समजले, त्याचं एकच कारण होतं आणि ते मला पुरतं ठाऊक आहे. गोऱ्या बाईपुढे मी तसा पेला धरला नसता.

तिनं पेला घेतला, भरला, मला आणून दिला. मग शेजारी बसून इंग्रजीत म्हणाली, "मी इथे नर्सेसना शिकवते. मी अमेरिकन आहे. माझं नाव डॉरथी. आणि तुझ्या मांडीवर वरचं पत्र ज्याचं आहे ना, त्या विद्यापीठात मी शिकले."

मी माफी मागितली, तीही फाटक्या इंग्रजीत. ती म्हणाली, "मागितलीस, पोचली. आता सांग, कोणतं घेणार आहेस?"

तिचं अर्धं बोलणं मला पुन्हा विचारावं लागलं, पण ती कंटाळली नाही. थोरल्यात ती तिच्या वर्गातली एकटी काळी विद्यार्थिनी होती. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर तिचा फोटो असायचा. "फोटोला बोलवायचे," ती म्हणाली. "प्रयोगाला कोण कोणाबरोबर, हे ठरायचं तेव्हा मी हॉलबाहेर असायचे. कोणी वाईट बोललं नाही हं. सगळे फार गोड वागायचे. गोड वागण्याची तक्रार कुठे करणार?"

मला तक्ता आठवला, कागदी कप आठवला. मी तिला दादाची सगळी गोष्ट सांगून टाकली, परक्या बाईला, इस्पितळाच्या बाकावर. चाची बाहेर येऊन उभी राहिली तरी मी बोलतच होते.

डॉरथीबाईंनी सगळं ऐकून माझ्याच पाकिटामागे तीन प्रश्न लिहून दिले. आमच्यासारखी, जातीनं किंवा रंगानं वेगळी पडणारी, किती मुलं तुमच्याकडे आली? त्यातली किती पदवी न घेता गेली, आणि का? गेलेल्यांपैकी कोणाशी मला बोलता येईल? "हे दोघांनाही पाठव," त्या म्हणाल्या. "लाजू नकोस. ते तुला निवडतायत तशी तूही त्यांना निवडतेयस."

असं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे प्रवेश मिळतो, आपण तो घेतो आणि आभार मानतो. निवड करायची असते हेच माहीत नव्हतं. बाजाराजवळच्या टायपिंगच्या दुकानातून त्याच दिवशी दोन्हीकडे फॅक्स गेले. टायपिस्ट मल्याळी होता. त्यानं तीन प्रश्न टाइप करून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "खरंच पाठवायचं, सिस्टर?" मी म्हटलं, "यल्ला, चला."

हिद्द

दादाचं यार्ड हिद्दच्या बाजूला होतं. शिफ्ट संपल्यावर त्यानं मला तिकडचा किनारा दाखवला. ओहोटी लागली होती. पाणी लांबवर मागे सरकलं होतं आणि चिखलात काठ्या रोवून केलेले माशांचे सापळे उघडे पडले होते. आमच्या खाडीतही खुंट रोवून असंच जाळं लावतात. दादा खुशीत होता. दुकानातून खुब्जची रोटी आणि तळलेले मासे आणले होते, ते आम्ही दगडावर बसून खाल्ले. काट्याला काटा लागत नाही इतक्या सफाईनं तो मासा खातो, लहानपणापासून.

मी फॅक्सचं सांगितलं. त्याचा चेहराच उतरला.

"असले प्रश्न विचारतात का कोणी? त्यांनी रागावून नाही म्हटलं तर? एवढं मोठं नाव, बाय. गावात नाव निघेल आपलं. तात्या पण म्हणत होते."

"तिथे मी एकटी असेन, दादा."

"मग काय झालं? मी इथे एकटाच आहे ना? चार वर्षं काढली. सांभाळून घेतात. मला ताप आला तर तात्या रात्रभर बसले होते उशाशी."

"आणि बरा झाल्यावर तुझ्या हातचा भात खाल्ला का त्यांनी?"

समोर एक माणूस गुडघाभर चिखलातून सापळ्यापर्यंत चालत गेला आणि टोपलीत मासे टाकू लागला. त्याच्याकडे बघत दादा म्हणाला, "मला कळत नाही असं वाटतं तुला? पहिल्या आठवड्यातच कळलं. पण दिवसभर लोखंडाशी झगडून आल्यावर पुन्हा भांडायला अंगात जोर राहत नाही. जागा मिळाली, झोप मिळते. मफी मुश्किल."

ते 'मफी मुश्किल', म्हणजे 'काही अडचण नाही', माझ्या डोक्यात गेलं. त्याचं खरं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा कळलं असतं तरी मी पुढे केलं तेच केलं असतं.

मनामा, दुसरा शुक्रवार

दादाला काही न सांगता मी युसूफचाचाला घेऊन मेसवर गेले. तात्यांनी पुन्हा कागदी कप पुढे केला. मी म्हटलं, "पेल्यातून द्या, तात्या." त्यांनी क्षणभर बघितलं आणि पेला धुऊन त्यात चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर मी पर्समधलं पेन काढलं आणि दारावरच्या तक्त्यात पुढच्या शुक्रवारसमोर लिहिलं: 'मिलिंद.' खाली बाजार-सिलेंडरच्या ओळीवर रेघ मारली. "तुमच्याकडून राहून गेलं होतं," मी म्हटलं.

कोपऱ्यात बसलेला दादा ताडकन उठून उभा राहिला.

दादा माझ्यामागे जिना उतरून आला. इतका चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "तू दहा दिवसांनी विमानात बसशील," तो म्हणाला. "मला इथे राहायचंय, ह्यांच्यात. कोणाला विचारून लिहिलंस?" त्यानंतर चार दिवस तो जिदहफ्सला फिरकला नाही. मी चाचीच्या गच्चीवर बसून रडले. चाची म्हणाली, "त्याला न विचारता केलंस ते चुकलंच. पण चांगली चूक केलीस." आणि मला कांदे चिरायला दिले, म्हणजे रडायला कारण राहील.

त्याच आठवड्यात उत्तरं आली. थोरल्याचं उत्तर दोन पानी होतं. सुरेख भाषा. विभागाच्या इतिहासात तुमच्या पार्श्वभूमीची तुम्ही पहिलीच विद्यार्थिनी असाल, याचा आम्हाला अभिमान आहे, असं होतं. माझी कहाणी माहितीपत्रकात छापायला परवानगी मागितली होती. तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं.

धाकट्याचं उत्तर अर्धं पान, तेही हातानं लिहिलेलं. लिहिणाऱ्या बाई तिथल्या प्राध्यापक होत्या, काळ्या. कोण कोण आलं त्यांची नावं होती. दोघं सोडून गेली, त्यातल्या एकाच्या बाबतीत चूक आमची होती, असं स्पष्ट लिहिलं होतं. खाली त्या दोघांचेही फोन नंबर. 'त्यांनाही विचारा. आमच्याबद्दल ते माझ्यापेक्षा खरं सांगतील.'

मी फोनबूथवरून त्या चूक झालेल्या मुलाला फोन केला. तो आता कुठल्याशा शाळेत शिकवत होता. त्यानं विभागाची दहा मिनिटं मनसोक्त निंदा केली. मग मी विचारलं, "मी जाऊ का तिथे?" तो म्हणाला, "जा. विभागाचं काय चुकलं हे विचारायला ती प्राध्यापक बाई सहा तास गाडी चालवत माझ्या घरी आली होती. तुला असं कोणी दुसरीकडे भेटणार नाही." फोन ठेवला तेव्हा माझं ठरलं होतं.

मनामा, तिसरा शुक्रवार

दादानं रांधलं. त्यानं मला बोलावलं नव्हतं. युसूफचाचाच सकाळी येऊन म्हणाला, "चल, तुझा भाऊ कोंबडी कापतोय."

मी दारात पोचले तेव्हा तो मोठ्या पातेल्यात रस्सा ढवळत होता. माझ्याकडे वळलासुद्धा नाही. आईनं पाठवलेली आमसुलं ओट्यावर होती. खोबरं भाजल्याचा वास जिन्यापर्यंत येत होता.

पानं मांडली तेव्हा चौघांना एकदम उपास असल्याचं आठवलं. चौघांनी बाहेर जाऊन केळी खाल्ली. दोघं झोपूनच राहिले. तीन माणसं जेवायला बसली, खाली मान घालून. तात्या उभे होते. ते उभे राहिले, राहिले, मग मांडी घालून बसले. दादानं त्यांना वाढलं. तात्यांनी पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

दादा म्हणाला, "पुढच्या खेपेला जास्त घालतो."

एवढंच झालं. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. उपासवाल्यांपैकी एकजण महिन्याभरात खोली बदलून गेला, असं दादानं नंतर पत्रात कळवलं. दादाला ह्याची किंमत मोजावी लागली आणि ती मी मोजली नाही, हे मला मान्य आहे. पण मी बहरीनला पोचले तेव्हा त्याच्या गालाची हाडं दिसत होती, आणि त्या दिवशी तो तिसऱ्यांदा भात घेऊन जेवला.

दुसऱ्या दिवशी टायपिंगच्या दुकानात मी होकाराचा फॅक्स धाकट्याला पाठवला. थोरल्याला नकाराचं पत्र टायपिस्ट मशीनवर बडवत असताना दादा यार्डाच्या कपड्यातच आत आला. त्याला मी वेळ सांगितली नव्हती, चाचीनं सांगितली असणार. मला वाटलं, हा आता शेवटचं समजवायला आला.

त्यानं टाइप झालेला कागद हातात घेतला. तीन ओळी होत्या. मी येणार नाही हे पहिलीत. तुमच्याकडे मी पहिली असेन असं तुम्ही अभिमानानं लिहिलंत, हे दुसरीत. आणि तिसरीत, आजवर कोणीच का नव्हतं हे तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मी दुसरीकडे जाते आहे. दादाचं इंग्रजी यार्डातलं, त्यानं बोट ठेवून सगळं दोनदा वाचलं. मग बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं.

"‘कळवण्यास खेद वाटतो’. हे कोणी घातलं?"

"मी," टायपिस्ट म्हणाला. "नकार लिहायची तशीच पद्धत आहे."

दादानं माझ्याकडे बघितलं. "तुला वाटतोय खेद?"

"नाही."

"मग काढा ते," दादा टायपिस्टला म्हणाला.

"त्याशिवाय उद्धट वाटेल, भाई."

"वाटू दे," दादा म्हणाला, आणि टायपिस्टनं मशीनला नवा कागद लावेपर्यंत तिथेच उभा राहिला.